1999 सालचा गेम अजून शिळा का झाला नाही? मॉडचं गणित, सोप्या भाषेत

ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात ‘रेड बुल वोलोलो: लेगसी’ नावाची व्हिडिओ गेमची मोठी स्पर्धा झाली. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ खेळण्यासाठी देशोदेशीचे खेळाडू तिथे आले होते. हा गेम बाजारात आला 1999 साली. तो बनवणारी ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ ही अमेरिकन कंपनी 2009 च्या जानेवारीत बंद झाली. सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या होस्टेलवर रात्र रात्र हा गेम खेळलेली आपल्याकडची मंडळी आता चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांना ही बातमी कळली की पहिला प्रश्न येतो, हे अजून खेळतात लोक? कंटाळा येत नाही?

नवी चित्रं, नवे कॉम्प्युटर, बक्षिसाच्या रकमा यांचा वाटा आहेच. पण मुळाशी जे आहे त्याला मॉड म्हणतात. मॉड म्हणजे खेळाडूंनी स्वतः गेममध्ये केलेला बदल, जो इतरांनाही घेऊन वापरता येतो. कंपनीनं केला तर तो अपडेट, खेळणाऱ्यानं केला तर तो मॉड. झाडं बुटकी करणं हासुद्धा मॉड आणि अख्खं नवं जग उभं करणं हासुद्धा मॉडच.

## गेम शिळा का होतो

स्ट्रॅटेजी गेममध्ये बोटांच्या चपळाईपेक्षा निर्णयाला जास्त किंमत असते. एज ऑफ एम्पायर्समध्ये तुम्ही तीन गावकऱ्यांपासून सुरुवात करता. मेंढ्या कापायच्या, लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, घरं बांधायची, एका युगातून पुढच्या युगात जायचं आणि सैन्य उभं करायचं. प्रत्येक मिनिटाला प्रश्न तोच, आता हातात आहे ते कशावर खर्च करू?

पहिल्यांदा खेळताना या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नसतं, आणि मजा तिथेच असते. पण हजारो लोक एकच गेम वर्षानुवर्षं खेळले की उत्तरं सापडत जातात. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे लाकडावर, मग रानडुक्कर ओढून आणायचं, अशा ठरलेल्या क्रमाला खेळाडू बिल्ड ऑर्डर म्हणतात. चांगली बिल्ड ऑर्डर पाठ झाली की पहिली दहा मिनिटं विचार न करताच खेळता येतात. ज्या गेममध्ये सगळंच असं पाठ होतं, तिथे निर्णय उरत नाही आणि निर्णयाशिवाय स्ट्रॅटेजी गेममध्ये दुसरं आहे काय?

कथेवर चालणारा गेम संपला की संपतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. स्ट्रॅटेजी गेम मात्र उकलला गेला की मरतो. त्याला जिवंत ठेवायचं तर कोडंच बदलावं लागतं.

## पत्त्यांचा जोड तोच, डाव वेगळा

आपल्याकडे पत्त्यांचा एकच जोड घरोघरी किती तऱ्हांनी खेळला जातो ते आठवा. तिघं असले तर पाच-तीन-दोन, चौघं जमले तर मेंढीकोट. मेंढीकोटातही एका घरात बंद हुकूम, दुसऱ्या घरात कट हुकूम. पत्ते छापणाऱ्यानं फक्त 52 पानं दिली, नियम खेळणाऱ्यांनी रचले, आणि म्हणून तोच जोड आजोबांपासून नातवापर्यंत पुरतो.

मॉड करणारे हेच करतात. फरक इतकाच की पत्त्यांचे नियम माणसांच्या डोक्यात असतात आणि गेमचे नियम फायलींमध्ये लिहिलेले असतात. त्या फायली उघडता आल्या की नियम बदलता येतात.

## एक आकडा बदलून बघू

दिसायला गेम म्हणजे घोडे, किल्ले आणि तलवारींचा खणखणाट. आतून तो आकड्यांचा तक्ता आहे. एज ऑफ एम्पायर्स 2 मधल्या दोन सैनिकांची जोडी घेऊ.

नाईट म्हणजे चिलखती घोडेस्वार. त्याची ताकद 100, चिलखत 2. त्याला तयार करायला 60 अन्न आणि 75 सोनं लागतं. पाईकमन म्हणजे लांब भाला घेतलेला पायदळी. त्याला 35 अन्न आणि 25 लाकूड पुरतं, सोनं लागतच नाही. पाईकमनचा मार एरवी फक्त 4 चा. पण समोर घोडा असला तर त्यावर आणखी 22 मिळतात. म्हणजे 4 अधिक 22, त्यातून चिलखताचे 2 वजा, प्रत्येक घावाला 24. शंभर ताकदीचा नाईट पाचव्या घावाला पडतो. पाईकमनचा हात संथ चालतो, त्यामुळे एकास एक लढतीत नाईटही भारी पडू शकतो. पण एका नाईटच्या खर्चात दोन पाईकमन उभे राहतात आणि सोनं वाचतं ते वेगळंच. म्हणून घोडदळ दिसलं की भाले बाहेर काढायचे, हे इथलं पहिलं शहाणपण.

आता त्या 22 चे 10 करा. घाव 12 वर येतो. नाईट पाडायला पाचाऐवजी नऊ घाव लागतात, आणि तोवर पाईकमन जिवंत राहत नाही. एवढ्यानं काय होतं? घोडदळ अडवायचा स्वस्त उपाय गेला. ज्यांचे घोडेस्वार मुळातच दणकट आहेत त्या फ्रँक लोकांची संस्कृती प्रत्येक जण खेळायला निवडू लागतो. घोड्यांना घोड्यांनीच अडवायचं तर दोन्ही बाजूंना सोनं लागतं, म्हणून नकाशावरच्या सोन्याच्या खाणींसाठी आधीच मारामारी सुरू होते. उंटस्वारांचं महत्त्व वाढतं, शत्रूचा घोडेस्वार फितवून आपल्याकडे ओढणाऱ्या साधूंचं वाढतं. पाठ केलेल्या बिल्ड ऑर्डर कुचकामी ठरतात आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो.

एका आकड्यानं एवढं होतं. मॉड करणाऱ्यासमोर असे हजारो आकडे असतात. म्हणूनच मला चांगला मॉड बनवणारा माणूस हा उत्तम गणिती वाटतो. कुठला आकडा किती हलवला की डाव रंगतो आणि कुठे बिघडतो, हे त्याला कळलेलं असतं. आणि बहुतेकांना ते कळत नाही, हेही खरं. बाहेर पडणारे बरेचसे मॉड सुमारच असतात. त्यांतला एखादा टिकतो, कारण हजारो लोक तो खेळून बघतात आणि चुका दाखवतात.

नकाशांचंही असंच आहे. या गेममध्ये दर वेळी नवा नकाशा तयार होतो, पण तो मनमानी नसतो. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सूचना असतात. जमीन किती, पाणी किती, गावापासून किती अंतरावर मेंढ्या, जंगल दाट की विरळ. नोटपॅडमध्ये उघडता येईल अशी ही फाइल. 2000 सालच्या ‘द कॉन्करर्स’ या विस्तारासोबत, म्हणजे मूळ गेमला जोडून आलेल्या नव्या भागासोबत, ती कशी लिहायची याची माहितीपुस्तिकाही दिलेली होती. मोठ्या स्पर्धांमध्ये आज खेळाडूंनी रचलेले असे नकाशे सर्रास वापरले जातात, कारण नवख्या जमिनीवर पाठांतर चालत नाही.

## दिसणारे मॉड आणि हिशेबाचे मॉड

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली की पुढचं बरंच सोपं होतं.

पहिला एज ऑफ एम्पायर्स 1997 मध्ये आला तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवर चालणारा मॉडेम, वेग 28.8 किलोबिट. आठ खेळाडूंचे शेकडो सैनिक क्षणाक्षणाला कुठे आहेत हे त्या तारेवरून पाठवणं अशक्य. म्हणून बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. सैनिकांची ठिकाणं पाठवायचीच नाहीत, फक्त हुकूम पाठवायचे. ‘तिसऱ्या खेळाडूनं हे वीस तिरंदाज त्या टेकडीकडे पाठवले’ एवढाच निरोप प्रत्येक कॉम्प्युटरला मिळतो. पुढचं सगळं, म्हणजे कोण किती चालला, कोणाला बाण लागला, प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच मोजतो. नियम सगळीकडे सारखे असल्यामुळे उत्तरही सगळीकडे सारखं येतं.

पण एकाच्या कॉम्प्युटरवर पाईकमनचा आकडा 22 आणि दुसऱ्याकडे 10 असेल तर? एकाच्या पडद्यावर नाईट मेलेला, दुसऱ्याच्या पडद्यावर धावतोय. दोन्ही कॉम्प्युटर आपापला हिशेब ताडून बघतात, तो जुळत नाही आणि डाव तिथेच तुटतो. खेळाडूंच्या भाषेत, आउट ऑफ सिंक.

म्हणून हिशेब बदलणारा मॉड वापरायचा तर डावातल्या सगळ्यांकडे तोच हवा. नुसतं दिसणं बदलणारा मॉड मात्र प्रत्येकाला आपल्यापुरता वापरता येतो. या गेममधली उंच झाडं मागे दडलेला माणूस झाकून टाकतात. ती झुडपाएवढी दाखवणारा मॉड अतिशय लोकप्रिय आहे, आणि अव्वल खेळाडूही तो वापरतात. झाडाचं लाकूड तेवढंच, जागाही तेवढीच, बदलतं फक्त चित्र.

## कंपनी गेली, खेळाडू राहिले

2000 नंतर एज ऑफ एम्पायर्स 2 ला अनेक वर्षं नवा विस्तार मिळाला नाही. मूळ कंपनी आधी पुढच्या गेमकडे वळली आणि नंतर बंदच झाली. दरम्यान विंडोज बदलत गेलं. नव्या कॉम्प्युटरवर जुना गेम लावला की रंग बिघडायचे, गवत लालसर आणि पाणी जांभळं दिसायचं. रुंद पडद्याची सोय नव्हती. कंपनी असती तर तिच्याकडे तक्रार करता आली असती. इथे खेळाडूंनी स्वतःच यूजरपॅच नावाची दुरुस्ती बनवली. रंग ठीक झाले, पडदा रुंद झाला, जुने दोष गेले. कुणी पगार दिला नव्हता.

मग 2012 च्या अखेरीस चाहत्यांच्या एका गटानं ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाचा मॉड आणला. त्यात इटालियन, स्लाव, मग्यार, इंका आणि भारतीय अशा पाच नव्या संस्कृती होत्या. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं गेमची एचडी आवृत्ती काढली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये या चाहत्यांचं काम ‘द फरगॉटन’ या नावानं अधिकृत विस्तार म्हणून विकायला आलं. तोच गट पुढे कंपनी झाला. 2019 मध्ये आलेली डेफिनिटिव्ह एडिशन, जी हायडेलबर्गच्या किल्ल्यात खेळली गेली, ती मुख्यतः याच लोकांनी घडवली आहे.

आपल्यासाठी यातला महत्त्वाचा धागा असा की या गेममध्ये ‘भारतीय’ ही संस्कृती पहिल्यांदा आली ती चाहत्यांच्या मॉडमधून. अर्थात सबंध उपखंडाला एकच खोकं होतं. एप्रिल 2022 च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ विस्तारात त्याचे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार भाग झाले. त्यातही देवगिरीच्या यादवांना स्वतंत्र जागा मिळाली नाही, याची मला रुखरुख वाटते. पण गेमसोबतच मोहीम रचण्याचं साधन मिळतं. देवगिरीच्या वेढ्याची मोहीम बनवायला कोणाची परवानगी लागत नाही.

एक गंमतशीर वळणही घडलं. अनेक मुरलेल्या खेळाडूंना ऑनलाइन खेळायला जुनीच आवृत्ती आवडत होती, पण नव्या संस्कृतीही हव्या होत्या. तेव्हा चाहत्यांनी ‘वोलोलो किंग्डम्स’ हा मॉड बनवला. विकत घेतलेल्या एचडी आवृत्तीच्या फायली वापरून तो नव्या संस्कृती जुन्या गेममध्ये आणतो. मॉडमधून अधिकृत झालेली गोष्ट पुन्हा मॉडमधून जुन्या घरी परतली.

## मॉड मूळ गेमपेक्षा मोठा होतो तेव्हा

ब्लिझर्ड कंपनीचा ‘वॉरक्राफ्ट 3’ 2002 मध्ये आला. तळ बांधा, सैन्य उभं करा, शत्रूवर चालून जा, असा नेहमीचा स्ट्रॅटेजी गेम. सोबत नकाशे बनवण्याचं ताकदवान साधन होतं. त्यातून खेळाडूंनी ‘डोटा’ नावाचा प्रकार घडवला. तळ बांधणं काढून टाकलं, सैन्य आपोआप चालू ठेवलं आणि प्रत्येक खेळाडूच्या हातात फक्त एक योद्धा दिला. पाच विरुद्ध पाच. यातून गेमचा एक नवा प्रकारच जन्माला आला. 2013 मध्ये वाल्व कंपनीनं ‘डोटा 2’ स्वतंत्र गेम म्हणून अधिकृतपणे आणला, आणि त्याच्या स्पर्धांची बक्षिसं कोट्यवधी रुपयांत जातात.

मराठी वाचकांना जवळचं वाटेल असं उदाहरण 2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’चं. 1700 सालापासून सुरू होणाऱ्या या गेममध्ये मराठा सत्ता घेऊन खेळता येतं. पण कॉम्प्युटर चालवत असलेले शत्रू फार बावळट वागायचे. निक थॉमेडिस या ग्रीक चाहत्याच्या ‘डार्थमॉड’नं शत्रूचं वागणं सुधारलं, पलटणी मोठ्या केल्या, बंदुकींचा धूरही दाट केला. पुढे त्यानं स्वतःची गेम कंपनी काढली.

‘हार्ट्स ऑफ आयर्न 4’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा गेम. त्यावरचा ‘कायझररायख’ हा मॉड वेगळाच प्रश्न विचारतो. पहिलं महायुद्ध जर्मनी जिंकली असती तर? त्या कल्पित जगात ब्रिटिश साम्राज्य कोसळलेलं आहे आणि भारत तीन सत्तांमध्ये विभागलेला आहे. घटना आणि पर्याय साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असल्यामुळे इतिहासाची आवड असलेला, पण प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही अशा मॉडमध्ये हातभार लावू शकतो. ‘एक्सकॉम’ या गेमसाठी ‘लाँग वॉर’ हा मॉड बनवणाऱ्यांना तर पुढच्या गेमच्या वेळी खुद्द मूळ कंपनीनंच काम दिलं.

## ही फसवणूक नाही का?

शंका रास्त आहे. हिशेब बदलून एकट्यानं फायदा उपटायचा म्हटलं तर वर सांगितल्याप्रमाणे डावच तुटतो, त्यामुळे तो मार्ग बंद. पण याच रचनेत एक कच्चा दुवाही आहे. प्रत्येक कॉम्प्युटर सगळ्यांचा हिशेब करतो म्हणजे शत्रू कुठे लपलाय हे तुमच्या कॉम्प्युटरला ठाऊक असतं, फक्त दाखवलं जात नाही. ते उघडं करणारी चोरटी साधनं बनली आहेत. ती मॉड नव्हेत, ती सरळ लबाडी आहे आणि पकडली गेली तर खेळाडूवर बंदी येते. स्पर्धांमध्ये कोणते मॉड चालतील हे आयोजक आधीच ठरवून देतात.

## कॉम्प्युटरला धोका?

साधा मजकूर, चित्रं आणि आवाज यांचे मॉड तुलनेनं सुरक्षित असतात. स्वतः चालणारा प्रोग्रॅम सोबत येत असेल तर सावध व्हा. गेमच्या आतच मॉडची यादी असेल किंवा स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या ‘वर्कशॉप’ या मॉडच्या विभागात सोय असेल, तर तिथूनच घ्यावा. अनोळखी ठिकाणची फाइल नको.

खरा त्रास वेगळा आहे. कंपनीनं अपडेट काढलं की मॉड मोडतो, आणि मॉड बनवणाऱ्याला पुन्हा जुळवणी करत बसावं लागतं. काही कंपन्या स्टीमवर गेमची जुनी आवृत्ती निवडण्याची सोय ठेवतात. सगळ्यांनीच ती ठेवायला हवी.

## हे फुकटात राबवून घेणं नव्हे का?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. चाहते वर्षानुवर्षं मेहनत करतात, त्यामुळे गेम विकला जात राहतो आणि पैसे कंपनीला मिळतात. फरगॉटन एम्पायर्ससारखं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

मग मॉड विकू द्यावेत का? एप्रिल 2015 मध्ये वाल्व आणि बेथेस्डा या कंपन्यांनी ‘स्कायरिम’ या गेमसाठी तसा प्रयोग केला. बनवणाऱ्याला विक्रीचे 25 टक्के मिळणार होते. खेळाडू एवढे भडकले की काही दिवसांतच योजना गुंडाळून पैसे परत करावे लागले. राग फक्त पैशांचा नव्हता. मॉड एकमेकांच्या कामावर उभे असतात, एकाची चित्रं, दुसऱ्याचा नकाशा, तिसऱ्याचा हिशेब. पैसे आले की कोणाचं किती, हा वाद येतो.

दुसऱ्या टोकाला जानेवारी 2020 मधला ‘वॉरक्राफ्ट 3: रीफोर्ज्ड’, म्हणजे त्याच जुन्या गेमची नवी आवृत्ती. त्याच्या अटींनुसार खेळाडूंनी बनवलेल्या गेमची मालकी ब्लिझर्डकडे जाते. डोटासारखं काही पुन्हा घडलं तर ते हातचं जाऊ नये, हा हेतू उघड दिसतो. मला ही अट चुकीची वाटते. ज्यानं काहीतरी नवं घडवलं त्याचं नाव आणि हक्क काढून घेतले तर पुढचा माणूस आपली सर्वांत चांगली कल्पना तिथे आणेलच कशाला? कंपनीनं निदान श्रेय द्यावं, कामाची साधनं खुली ठेवावीत आणि एखादा मॉड अधिकृत करायचा असेल तर रीतसर करार करून मोबदला द्यावा.

## मूळ गेम बिघडत नाही?

नाही. बहुतेक आधुनिक गेममध्ये मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात, बंद केले की मूळ गेम जसाच्या तसा. ज्याला 1999 चाच हिशेब आवडतो त्यानं तोच खेळावा. जुन्या गेममध्ये मात्र थेट मूळ फाइलवरच नवी फाइल चढवावी लागायची, म्हणून आधी प्रत काढून ठेवण्याची सवय चांगली.

## स्वतः करून बघायचं असेल तर

कोडिंग शिकल्याशिवाय सुरुवात होते. एज ऑफ एम्पायर्स 2 मध्ये मुख्य पानावरूनच संपादक, म्हणजे नकाशे आणि मोहिमा रचण्याचं साधन, उघडता येतो. रिकामी जमीन येते, तिच्यावर नदी, डोंगर, तटबंदी माउसनं मांडायची. मग ट्रिगर लावायचे. ट्रिगर म्हणजे ‘असं झालं तर तसं कर’ ही जोडी. दरवाजा पडला तर आतली फौज बाहेर काढ. दहा मिनिटं झाली तर मदतीला तुकडी पाठव. प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा हाच असतो, फक्त इथे चुकीचं फळ लगेच पडद्यावर दिसतं, फौज भिंतीत अडकून उभी राहते.

आठवी-नववीतलं मूल सतत गेम खेळतं म्हणून घरात कुरबुर असेल, तर त्याला हा संपादक उघडून द्या आणि आपल्या भागातला एखादा किल्ला मांडायला सांगा. तट कुठे उंच होता, पाणी कुठून यायचं, दारूगोळ्याचं कोठार दरवाजापासून किती लांब, हे शोधायला त्याला पुस्तकं चाळावी लागतील, जमलं तर किल्ल्यावरही जावं लागेल. मोहीम तयार झाली की ती आधी घरातल्या कुणाला तरी खेळायला द्यावी, कारण मार्ग आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे स्वतः रचलेल्या डावातला दोष स्वतःला सहसा दिसत नाही.